किती झाले, किती गेले? : क्रीडानिवेदनाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी रेडिओवरच्या क्रीडावृत्तांबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. मी साताऱ्याची, शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली. १९८४ पासून रेडिओवर नैमित्तिक निवेदक होते, पुढे टीव्हीवर क्रीडावृत्तं दिली, सामन्यांचं समालोचन केलं. दिवसा माध्यमिक शाळेत शिकवायचे.

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या स्पर्धांत माईकवर मीच असते. क्रीडानिवेदक होण्यासाठी कोणता कोर्स करू? माझा आवाज बारीक आहे, तो चालेल का? आणि यासाठी मुंबईला जावं लागेल का? (विद्यार्थिनी, इस्लामपूर)

आधी आवाजाचं सांगते, कारण त्याच काळजीने तू पत्र लिहिलंयस असं वाटतं. बारीक आवाज चालतो. चिरका चालत नाही, आणि आवाज चिरका होतो तो ओरडल्याने. माईक तोंडाजवळ असताना ओरडायची गरजच नसते. सुरुवात खालच्या पट्टीत कर. पहिल्या मिनिटालाच टिपेला पोचलीस, तर सामना खरोखर रंगात येईल तेव्हा वर जायला जागाच उरणार नाही.

कोर्स जरूर कर. पत्रकारितेची पदविका घेतलीस तर बातमी लिहायची शिस्त लागेल, चार ओळखी होतील. पण मैदानावर तुला कोणताही कोर्स नेऊन बसवणार नाही. तुमच्याकडे संध्याकाळी कुठल्या तरी मैदानावर खो-खोचा सराव चालत असेलच. एका हातात रेकॉर्डिंग सुरू केलेला फोन धर, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, आणि एका संघाची अख्खी पळती न थांबता सांग. नऊ मिनिटं. पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला शब्द संपतील. संपू देत, पुन्हा दुसऱ्या दिवशी जा.

मग घरी येऊन डोळे मिटून ते ऐक. पळणारी कुठल्या खांबाकडे गेली हे कळतंय का? तुकडीतल्या किती जणी उरल्या? किती वेळ झाला? खो-खोत पळतीच्या खेळाडूची सगळी कमाई म्हणजे तिने काढलेला वेळ. ‘काय चपळाई, काय हूल दिली’ असं तू सात वेळा म्हणालीस आणि एक मिनिट चाळीस सेकंद झाले हे सांगायचं राहिलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझी पहिली चाचणी एका आंतरशालेय क्रिकेट सामन्याची होती. ध्वनिमुद्रण झालं. मला वाटलं, उत्तम झालं, कारण मी कुठेही अडखळले नव्हते. आमचे एक ज्येष्ठ निवेदक ती टेप ऐकत होते. मध्येच त्यांनी बटण दाबून टेप थांबवली आणि म्हणाले, “पोरी, मी आत्ता रेडिओ लावला. किती झाले, किती गेले?” टेप मागे नेली. सात मिनिटं मी धावसंख्या सांगितलीच नव्हती! मैदानाच्या कडेची झाडं सांगितली होती, ढग सांगितले होते, गोलंदाजाची धाव सांगितली होती.

त्या काळी चहाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर लावलेला असायचा. माणूस सायकलवरून येता येता एक पाय टेकवून थांबायचा, विचारायचा ‘किती झाले, किती गेले?’ आणि उत्तर मिळालं की पुढे निघायचा. रेडिओवर बोलताना मी कायम त्या माणसाशी बोलले. तो आत्ताच आलाय, त्याला आधीचं काही ठाऊक नाही, आणि तो अर्ध्या मिनिटात जाणार आहे. अमेरिकेत बेसबॉलचे रेड बार्बर नावाचे मोठे समालोचक होऊन गेले. ते समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू संपली की ते उलटं करायचं आणि गुण सांगायचे. मी पुठ्ठ्यावर लाल शाईने ‘धावा!’ असं लिहून तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवत असे. तू काहीही ठेव, पण ठेव.

आणि नावं! २९ फेब्रुवारी १९९६. विश्वचषकाचा सामना पुण्यात, नेहरू स्टेडियमवर, केनिया आणि वेस्ट इंडीजमध्ये. संध्याकाळचं क्रीडावृत्त मी देणार होते. लारा, रिचर्डसन, अँब्रोज, वॉल्श या सगळ्यांची नावं माझ्या तोंडात बसलेली होती. केनियाच्या संघाचा कागद मी नुसता वरवर चाळला. केनिया १६६ वर सर्वबाद झाल्याचं कळलं तेव्हाही उघडून पाहिला नाही. मग मैदानावरून फोन आला, वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. मी दोनदा विचारलं, ‘एकशे त्र्याण्णव ना?’ नाही, त्र्याण्णवच. केनिया ७३ धावांनी जिंकला होता. मॉरिस ओडुंबे आणि रजब अली यांनी तीन-तीन बळी घेतले होते. त्यांच्या देशाच्या क्रिकेटमधला केवढा मोठा दिवस, आणि ओडुंबेचं नाव घेताना मी अडखळले. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा वेगळंच घेतलं. ते मला आजही टोचतं. हरेल असं वाटणाऱ्या संघाची नावं आधी पाठ करायची, हे मी त्या रात्री ठरवलं. पुढे जिल्हा स्पर्धांतसुद्धा मी संघाच्या व्यवस्थापकाकडे जाऊन प्रत्येक मुलीचं नाव तिच्याच तोंडून ऐकून घेत असे. मुलीचं नाव आयुष्यात एकदाच रेडिओवर येणार असतं, घरचे सगळे कान लावून बसलेले असतात.

मुंबईचं म्हणशील, तर आज लगेच जायची गरज नाही. आकाशवाणीची केंद्रं अनेक जिल्ह्यांत आहेत, सांगलीचं तुला जवळ आहे. नैमित्तिक निवेदकांच्या आवाज चाचण्यांच्या जाहिराती येतात, त्यांवर लक्ष ठेव.

प्रश्न : बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत आमची पिढी मोठी झाली. आताच्या मराठी समालोचनात निम्मे शब्द इंग्रजी आणि उरलेला आरडाओरडा. षटक, यष्टिरक्षक म्हणायची लाज वाटते का या मुलांना? (निवृत्त वाचक, डोंबिवली)

पंडितांचं नाव काढलंत, बरं वाटलं. मराठीतून क्रिकेट सांगता येतं, आणि ऐकताना ते परकं वाटत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. ते स्वतः क्रिकेट खेळलेले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दामागे मैदान असायचं.

तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग मला मान्य आहे, अर्धा नाही.

आपले क्रिकेटचे शब्द आले कुठून ते पाहा. पायचीत, धावचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत. यांतलं ‘चीत’ तालमीतलं आहे. पाठ मातीला लागली की पैलवान चीत. ‘गडी बाद’ मधला गडी हुतुतू आणि खो-खोचा. ‘डाव’ कुस्तीत आहे, खो-खोत आहे, पत्त्यांत आहे, तोच क्रिकेटमध्ये गेला. म्हणजे साहेबाचा खेळ आपल्या माणसांनी आपल्या आखाड्यात आणून बसवला आणि मग सांगितला. ‘पायचीत’ हा शब्द पंचाचं बोट वर जाईपर्यंत बोलून होतो. असे शब्द कुणी टाकून देत असेल तर मलाही वाईट वाटतं, आणि मी नव्या मुलांना ते वापरायला लावते.

पण स्लिप, गली, यॉर्कर, गुगली हे शब्द पंडितांच्या पिढीनेही तसेच ठेवले. त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द देण्यात अर्थ नाही. कुणी ‘ओव्हर’ म्हटलं म्हणूनही माझं काही बिघडत नाही, कारण गल्लीतलं पोर तेच म्हणतं. मला खुपतं ते वेगळंच. शब्द सगळे मराठी, पण वाक्य इंग्रजीतून उचललेलं. ‘तो आज चांगल्या स्पर्शात दिसतो आहे.’ कुठल्या मराठी माणसाने हे वाक्य घरी कधी उच्चारलंय? ‘आज चेंडू बॅटच्या मधोमध बसतोय’ म्हणा, सगळं आलं. असं वाक्य सुचायला शब्दकोश लागत नाही, सामने पाहताना शेजारचा काय बोलतो ते ऐकावं लागतं. कुस्तीच्या मैदानावर एकदा जाऊन उभे राहा. तिथला निवेदक हलगीच्या कडकडाटातही पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद सांगतो, आणि ढाक, घिस्सा असा डाव लागला की नेमक्या त्या क्षणी त्या डावाचं नाव घेतो. निकाली कुस्ती कशी सांगावी हे त्याला कुणी इंग्रजीतून शिकवलेलं नाही. माझ्या मते आजचं सर्वांत जिवंत मराठी समालोचन तिथे चाललेलं असतं, आणि त्याची नोंद आपण फारच कमी ठेवतो.

आरडाओरड्याबद्दल मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर क्रिकेटचं समालोचन करून टाकतो, लोकांना आवडतंही. आता शिक्षण सोडून हेच करायचं म्हणतो. यात पोट भरतं का? (वडील, नाशिक)

पदवी पूर्ण करू द्या. त्याला माझ्या वतीने हे सांगा, आणि त्याच वेळी त्याचा मोबाईल काढून घेऊ नका.

मी तीस वर्षं हे काम केलं, पण केवळ या कामावर माझं घर चाललं असं एकही वर्ष नव्हतं. रेडिओवर महिन्याला पाच-सहा ड्युट्या, पैसे ड्युटीवर. टीव्हीवर एका दिवसाचे जास्त मिळायचे, पण पुढचा दिवस कधी येईल याचा भरवसा नसायचा. शाळेचा पगार होता म्हणून मी निवेदक राहू शकले. दूरदर्शनवर ज्यांना आम्ही आदराने ऐकायचो ते डॉ. नरोत्तम पुरी कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. हर्षा भोगले हैदराबादच्या मराठी घरातले. एकोणिसाव्या वर्षी तिथल्या आकाशवाणीवर बोलू लागले, पण रसायन अभियांत्रिकी पूर्ण केली, अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेले, जाहिरात क्षेत्रात नोकरी केली. १९९१-९२ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसीने त्यांना बोलावलं, तोवर या कामात दहा वर्षं गेली होती.

आता खुर्च्या वाढल्या आहेत हे खरं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला. तो खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उभा राहिला होता. त्यानंतर खाजगी वाहिन्यांचं दार सताड उघडलं. २०१४ ला प्रो कबड्डी आली, २०२२ ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो सुरू झाली. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर बारा भाषांत होती, त्यांत मराठीही. मी सुरुवात केली तेव्हा मराठी समालोचनाला एवढी मागणी येईल असं कुणी म्हणालं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

पण हंगाम दोन महिन्यांचा असतो, आणि तज्ज्ञाच्या खुर्चीवर निवृत्त खेळाडू बसतात. त्याच २०२३ मध्ये आपला केदार जाधव मराठी समालोचन करत होता आणि हंगामाच्या मध्यात बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. त्याच्या शेजारी बसून तुमचा मुलगा खेळपट्टीबद्दल काय वेगळं सांगणार? त्याने दुसरी खुर्ची धरावी. चेंडू-चेंडू वर्णन करणारा, खेळाडूकडून नेमका प्रश्न विचारून उत्तर काढणारा, असा माणूस प्रत्येक जोडीत लागतो, आणि त्यासाठी रणजी खेळलेलं असावं लागत नाही. शिवाय प्रत्येक समालोचकाच्या मागे आकडे पुरवणारी, आलेख करणारी, निर्मिती सांभाळणारी माणसं असतात. इंजिनिअर मुलाला तिथून आत शिरता येतं. मैदानावर, त्या लोकांच्या सोबत राहिलं की एखाद्या दिवशी कुणीतरी आजारी पडतं आणि माईक समोर येतो. माझा टीव्हीवरचा पहिला सामना असाच आला.

प्रश्न : मी स्थानिक केबल वाहिनीवर बातम्या देते. खेळाचं निवेदन करायची इच्छा सांगितली तर ‘सूत्रसंचालनाला घेऊ, छान दिसाल’ असं उत्तर मिळालं. बायकांना खेळावर बोलू देतात का हो? (निवेदिका, कोल्हापूर)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे वाक्य मीही ऐकलेलं आहे, जवळजवळ याच शब्दांत.

नागपुरात जन्मलेले, भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९७० च्या दशकात इंदूरहून क्रिकेटचं समालोचन केलं. आपल्या देशातल्या त्या पहिल्या महिला समालोचक मानल्या जातात. म्हणजे सुरुवात होऊन पन्नास वर्षं होत आली. पण मधल्या काळात काय झालं? २००३ च्या विश्वचषकात मंदिरा बेदी टीव्हीवर आल्या आणि घराघरांत पोचल्या. त्यांनी घरातल्या सामान्य प्रेक्षकाचे प्रश्न विचारले, त्यामुळे अनेक बायका पहिल्यांदा क्रिकेटच्या गप्पांत बसल्या, हे मी मोलाचं मानते. दुर्दैवाने वाहिन्यांनी त्यातून शिकायचं ते शिकलं नाही. एका वाहिनीने मला बोलावलं, साडीचा रंग त्यांनी ठरवला, आणि प्रेक्षकांचे संदेश वाचायचं काम दिलं. सामना खो-खोचा होता. मी राज्य पातळीवर खेळलेला खेळ! विश्लेषणाला बसलेल्या गृहस्थांना साखळी खेळ, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं, कशाला म्हणतात हे मी मध्यंतरात सांगत होते. पुढच्या वेळी मी गेले नाही. आज वाटतं, जायला हवं होतं, आणि कॅमेऱ्यासमोरच सांगायला हवं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, सूत्रसंचालनाला बोलावलं तर जा. पण हातात स्वतः लिहिलेला गुणलेख घेऊन जा. स्कोअरिंग शिका, जमलं तर पंचांची परीक्षा द्या. नियम ज्याला येतो त्याला गप्प बसवणं कठीण असतं. कबड्डीचा सामना असेल तर संदेश वाचता वाचता ‘मागच्या तीन चढायांत डावा कोपरारक्षक पुढे येतोय’ एवढं एक वाक्य बोला. पुढच्या चढाईत ते खरं ठरलं की निर्माता ऐकतो. आणि तुमच्या कोल्हापुरात फुटबॉल आहे! पेठापेठांची ती चुरस, शाहू स्टेडियमवरची ती गर्दी. तिथे महिला समालोचक उभी राहिली तर तिला ऐकायला मी कोल्हापूरला येईन.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शेफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे पाच बळी, आणि शेवटचा झेल हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतला. सांगलीत वाढलेली आपली स्मृती त्या संघात. मी घरी टीव्हीसमोर उभी होते, बसवतच नव्हतं. झेल पूर्ण झाला आणि माझ्या तोंडून आपोआप ‘झेलबाद’ निघालं, निवेदनाच्या आवाजात. शेजारी माझी नात होती. ती म्हणाली, “आजी, टीव्हीवाल्यापेक्षा तू आधी बोललीस.”

प्रश्न : टीव्हीवरच्या क्रीडा निवेदक ताई बोलता बोलता कानाला बोट का लावतात? (इयत्ता सातवी, बारामती)

फार चांगलं निरीक्षण केलंस. त्यांच्या कानात एक छोटं यंत्र असतं. मैदानाबाहेर मोठी गाडी उभी असते, तिला ओबी व्हॅन म्हणतात. तिच्यात दिग्दर्शक बसलेले असतात. ते त्या कानातून सतत बोलत असतात, ‘आता कर्णधार येतोय’, ‘जाहिरातीला वीस सेकंद’. मैदानात गोंगाट वाढला की ऐकू येत नाही, म्हणून बोट दाबून धरतात.

अवघड असतं ते पुढे. दिग्दर्शक कानात दहापासून उलटे आकडे मोजत असतात आणि ताईंना त्याच वेळी बोलत राहायचं असतं. शून्य म्हणताक्षणी वाक्य पूर्ण व्हायला हवं. अर्धं राहिलं तर जाहिरात ते कापते, आधी संपलं तर पडद्यावर नुसती शांतता. मला हे जमायला एक वर्ष लागलं. रात्री जेवणं झाली की मी घरी सराव करायचे.

तूही करून बघ. घरातल्या कुणालाही तुझ्या मागे उभं कर. तू कालच्या सामन्याबद्दल बोलायला लाग, आणि त्यांना तुझ्या कानाशी हळू आवाजात दहापासून मोजायला सांग. शून्याला तुझं वाक्य संपलं पाहिजे, आणि त्या वाक्यात किती झाले आणि किती गेले हेही आलं पाहिजे. सलग पाच वेळा जमलं की मला पत्र लिही.